कोरड्या ओठांची रोझरी



मागच्या महिन्यात मिस्सा आटोपल्यावर एक मावशी देवळाच्या दारात थांबल्या. (त्यांना विचारूनच लिहीत आहे.) दोन वर्षांपासून त्यांचे यजमान अंथरुणाला खिळून आहेत. म्हणाल्या, "फादर, रोज रात्री रोझरी म्हणते, पण मनात काहीच येत नाही. नुसते ओठ हलतात. मग हे ढोंग नाही का? बंद करू का?"

बाप्तिस्म्याची मंडळी खोळंबली होती. "मावशी, देव तुमची परीक्षा पाहतोय," असे म्हणून मी मोकळा झालो. त्या मान हलवून निघून गेल्या. दिवसभर मात्र मलाच चैन पडेना. त्यांनी विचारले एक, मी सांगितले भलतेच. त्यांची शंका देवाच्या हेतूविषयी नव्हती, स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयी होती.

ढोंगी कोण? नसलेली भक्ती लोकांना दाखवतो तो. मावशींची रोझरी पाहायला रात्री कोण बसले आहे? सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची व्याख्या घोकली होती. ती त्यांनी ॲरिस्टॉटलकडून घेतली: प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. तेव्हा ती मला फार रूक्ष वाटे. परीक्षेपुरती पाठ केली, झाले. पण रात्री दोन वाजता नवऱ्याला कुशीवर वळवताना, ओली चादर बदलताना मावशींना काय प्रेमाचे भरते येत असेल? कंटाळा येत असेल, कधी चीडही. तरी त्या उठतात. त्या उठण्याला कोणी ढोंग म्हणत नाही. मग त्याच हातातल्या माळेला वेगळा न्याय का?

भावना कुचकामी आहेत असे मात्र नाही. नुसत्या कर्तव्यावर रेटलेला संसार ज्याने पाहिला आहे, त्याला हे सांगायला नको. ओलावा हवाच, तो देवाकडे मागावाही. पण तो आपल्या हुकमातला नाही, उठणे आहे. (ज्यांना देवच काय, जेवणखाण, माणसे, सारेच नकोसे झाले आहे, त्यांनी माझ्याकडे यावे आणि डॉक्टरांकडेही जावे. तो आजार असू शकतो.)

मदर तेरेजा यांची खासगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता. तरी पहाटेची प्रार्थना चुकली नाही, कोलकात्याच्या रस्त्यावरचा माणूस उचलायचा राहिला नाही. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले, ते हा अंधार ठाऊक असताना.

पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन मावशींच्या घरी गेलो आणि आधी माफी मागितली. मग गेथशेमनी बागेची आठवण करून दिली. त्या रात्री येशूचे मन व्याकूळ होते, मित्र झोपले होते. मत्तय लिहितो की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली. नवे शब्द त्यालाही सुचले नसावेत.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि मधेच झोप लागली तर?"

मी त्यांना छोट्या संत तेरेजाविषयी सांगितले. कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेच्या वेळी तिला डुलकी लागायची. पण झोपलेले लेकरूही आईबापांना तितकेच लाडके असते, असे ती म्हणायची. मावशी पहिल्यांदाच हसल्या. आतून यजमानांनी हाक मारली, तशी माळ खुर्चीवर ठेवून त्या उठल्या.

आपला,
फादर