स्पिलव्हिलची चेक बोली कुठं गेली?

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, ईशान्येच्या कोपऱ्यात, टर्की नदीकाठी स्पिलव्हिल नावाचं गाव आहे. २०२०च्या जनगणनेत गावची वस्ती चारशेपर्यंतही पोचली नाही. ज्यानं ते वसवलं तो योझेफ श्पीलमान जर्मन. त्याच्या मागून येऊन ज्यांनी नांगर धरला, चर्च बांधलं, दुकानं थाटली, ते बहुतेक चेक. १८६०मध्ये गावाचा नकाशा सरकारदरबारी दाखल झाला, तेव्हा संस्थापकाच्या आडनावावरून ठेवलेलं 'स्पीलव्हिल' हे नाव नोंदवताना चुकलं आणि 'स्पिलव्हिल' झालं, असं सांगतात. ते पुन्हा कुणी दुरुस्त केलं नाही.

पुढं इथल्या माणसांच्या नावांचंही तेच झालं. चेक भाषेत बाईच्या आडनावाला सहसा 'ओव्हा' लागतं; बापाचं आडनाव कोव्हार्झिक असेल तर मुलीचं कोव्हार्झिकोव्हा. अमेरिकेत हे 'ओव्हा' गळालं. अक्षरांच्या डोक्यावर चेक लोक एक बारीक आकडी देतात, तिला ते 'हाचेक' म्हणतात; इंग्रजी टंकलेखन यंत्रावर तिला जागा नव्हती. ती गेली तसा 'र' आणि 'झ' एका दमात म्हणायचा तो अवघड उच्चारही गेला. कोव्हार्झिकचा कोव्हारिक झाला. आज गावात नावं चेक आहेत, चर्च चेकांचं आहे, दफनभूमीतल्या क्रूसांवरचे जुने लेख चेक आहेत. रोजच्या व्यवहारातली बोली मात्र इंग्रजी आहे.

हे असं का झालं, याचं एक ठरलेलं उत्तर अमेरिकेत दिलं जातं. देशोदेशीची माणसं आली, एका कढईत विरघळली, आणि दोन पिढ्यांत खुशीनं अमेरिकन झाली. स्पिलव्हिलचा इतिहास जवळून पाहिला तर हे उत्तर अर्ध्यावरच थांबतं.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. ही जमीन 'मोकळी' होती असं वसाहतींच्या कथांमध्ये येतं. ती मोकळी करण्यात आली होती. विनेबागो, म्हणजे स्वतःला हो-चंक म्हणवणारे मूळ रहिवासी, विस्कॉन्सिनमधून हुसकून या टापूत आणले गेले होते, आणि त्यांना इथंच थोपवून धरण्यासाठी १८४०मध्ये जवळच फोर्ट ॲटकिन्सन हा लष्करी तळ उभारला गेला. १८४८मध्ये त्यांना इथूनही उठवून मिनेसोटाकडे नेलं. पुढच्याच वर्षी सैन्यानं तळ सोडला. श्पीलमान या भागात येतो तो नेमका याच सुमारास, आणि चेक कुटुंबं १८५४पासून यायला लागतात. सरकारी जमिनीचा भाव तेव्हा एकरी सव्वा डॉलर होता. ऑस्ट्रियाच्या अंमलाखालच्या बोहेमियात, म्हणजे चेकांच्या मायदेशी, १८४८मध्ये वेठबिगार कायद्यानं संपली होती, पण शेतमजुराच्या पदरात जमीन पडली नव्हती, आणि पोराला ऑस्ट्रियाच्या सैन्यात भरती करतील ही धास्ती होतीच. त्या माणसाला सव्वा डॉलरचा एकर म्हणजे काय वाटला असेल, हे कुठल्याही कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. पण त्या एकरावर काल कोण राहत होतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नसावं.

जर्मन आणि चेक शेजारी राहिले ही गोष्टही लहान नाही. बोहेमियात जर्मन ही कचेरीची, अधिकाऱ्याची आणि प्रतिष्ठेची भाषा होती. चेक ही स्वयंपाकघराची आणि शेताची. एकोणिसाव्या शतकभर चेक लोक आपल्या भाषेसाठी एकेक पायरी लढून चढत होते. हा तणाव इतका की १८८२मध्ये प्रागचं विद्यापीठच चेक आणि जर्मन असं दुभंगलं. टर्की नदीकाठी मात्र जर्मनाच्या हाती राज्य नव्हतं. तोही परकाच, आणि दोघांनाही शिकायची होती ती तिसरीच भाषा. तिथं भांडायला कारण उरलं नाही.

मग चेक बोली इथं टिकून कशी राहिली? तर तिला काम होतं म्हणून. १८६०मध्ये संत वेन्सेस्लॉसचं, म्हणजे चेक लोकांच्या व्हात्स्लावचं, चर्च बांधायला घेतलं. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या चेक कॅथलिक चर्चमध्ये ते सर्वांत जुनं मानतात. तिथली भजनं चेक, कबुलीजबाब चेक. शाळेचे मास्तर यान योझेफ कोव्हार्झिक हेच चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत आणि गायकवर्गही सांभाळत. गावातला सुतार चार्ल्स अँडेरा ओतीव लोखंडाचे क्रूस घडवून घेई. त्यांवर 'इथं विसावला आहे' हे चेक शब्द असत, आणि त्याचे क्रूस दूरदूरच्या चेक गावांच्या दफनभूमींत जात. जन्मापासून मरणापर्यंतचं एकही काम इंग्रजीवाचून अडत नव्हतं. भाषा अभिमानानं जगते असं आपण सहज म्हणून जातो. स्पिलव्हिलमध्ये ती चर्च, शाळा आणि दुकानाच्या गल्ल्यावर जगत होती.

त्याचा सर्वांत सुंदर पुरावा १८९३च्या उन्हाळ्यात मिळतो. चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक तेव्हा न्यूयॉर्कच्या नॅशनल कन्झर्व्हेटरीचे संचालक होते, वर्षाला १५,००० डॉलर पगारावर. त्यांचा तरुण मदतनीस योझेफ यान कोव्हार्झिक हा याच स्पिलव्हिलच्या मास्तरांचा मुलगा. आयोवात जन्मलेला आणि संगीत शिकायला प्रागला गेलेला. त्यानं गावाचं वर्णन इतकं मनापासून केलं की सुट्टीत बोहेमियाला जायचा बेत द्वोर्झाकांनी बाजूला ठेवला. मागे राहिलेली मुलंच बोहेमियाहून बोलावून घेतली आणि बायको, सहा मुलं, मेव्हणी आणि मोलकरीण असा सगळा कबिला आगगाडीनं आयोवाला निघाला. ५ जूनला ते गावात पोचले आणि श्मिट नावाच्या माणसाच्या घरात माडीवर उतरले.

द्वोर्झाकांना भाषेचं दुखणं चांगलं ठाऊक होतं. त्यांचे बर्लिनचे प्रकाशक सिमरॉक मुखपृष्ठावर त्यांचं नाव जर्मन पद्धतीनं 'आंतोन' असं छापत. आपलं नाव चेक ढंगानंच यावं आणि शीर्षकंही चेकमध्ये असावीत, म्हणून द्वोर्झाकांनी त्यांच्याशी पत्रापत्रीतून वाद घातला होता. हा माणूस अर्धं जग ओलांडून अशा गावात आला जिथं रस्त्यावरची आजी त्याच्याशी चेक बोलत होती. पहाटे चारच्या सुमाराला तो नदीकाठी फिरायला जाई, मग चर्चमध्ये जाऊन ऑर्गनला बसे. संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकत बसे. ही मंडळी पीसेक, ताबोर, बुद्येयोव्हित्से या भागातली, गरिबीतून आलेली आणि आता बरी सावरलेली, असं त्यानं मायदेशी कळवलं. त्याच पत्रांत दुसरी नोंदही आहे: इथं माणसं थोडी, मोकळं रान अफाट, आणि कधी कधी मन खचेल इतकं उदास वाटतं. एवढ्या जिव्हाळ्याच्या गावातही ही उदासी त्यानं दडवली नाही, म्हणून त्याची साक्ष खरी वाटते.

गावात पोचून तीन दिवस होतात न होतात, तोच ८ जूनला त्यानं एक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहायला घेतलं. आराखडा तीन दिवसांत झाला, सबंध रचना २३ जूनला पुरी. हेच ते 'अमेरिकन' नावानं ओळखलं जाणारं एफ मेजरमधलं क्वार्टेट. त्याच्या तिसऱ्या भागात पहिल्या व्हायोलिनवर उंच स्वरांत एक चिवचिव येते. नदीकाठच्या झाडीतल्या एका पक्ष्याचे स्वर त्यानं तिथंच टिपले होते. पण ही रचना पहिल्यांदा वाजली ती कुठल्या सभागृहात नाही. पहिलं व्हायोलिन स्वतः द्वोर्झाकांनी धरलं, दुसरं मास्तर कोव्हार्झिकांनी. व्हायोला त्यांच्या मुलीनं, सेसिलीनं, आणि चेलो मुलानं. युरोपातला पहिल्या रांगेतला संगीतकार आपली ताजी रचना एका खेडेगावच्या मास्तरांच्या कुटुंबाबरोबर वाजवून बघतो, आणि त्या घरात चौघांपुरती वाद्यं आणि ती वाजवणारे हात असतात, ही गोष्ट त्या गावाच्या घडणीबद्दल खूप काही सांगते. ताल चुकला, कुणाचा स्वर घसरला, पुन्हा वरून घ्या, हे सगळं बोलणं चेकमधूनच झालं असणार.

पंचवीस वर्षांनी हे बोलणं गुन्हा ठरलं.

२३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी एक फर्मान काढलं. शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर, भाषणांत आणि चर्चमध्ये फक्त इंग्रजी बोलायचं. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी देवाची प्रार्थना घरी करावी. युद्ध जर्मनीशी होतं, पण फर्मानानं डॅनिश, नॉर्वेजियन, चेक कुणालाच वगळलं नाही. स्कॉट परगण्यात टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल चार बायकांकडून २२५ डॉलर वसूल करून ते रेड क्रॉसला दिले गेले. चेकांच्या बाबतीत तर हे विशेष क्रूर होतं. त्यांची मुलं अमेरिकेच्या गणवेशात लढत होती आणि त्यांचे नेते ऑस्ट्रियाविरुद्ध उभे होते. फर्मान निघून आठवडा उलटतो न उलटतो, तोच पिट्सबर्गमध्ये चेक नेते मासारिक यांच्या उपस्थितीत अमेरिकेतल्या चेक आणि स्लोव्हाक संघटनांनी स्वतंत्र संयुक्त राष्ट्राचा करार केला. अमेरिका ज्या राष्ट्राच्या जन्माला हातभार लावत होती, त्याची भाषा आयोवाच्या रस्त्यावर बोलायला बंदी होती.

युद्ध संपलं आणि डिसेंबरमध्ये फर्मान मागे घेतलं गेलं. पण १९१९मध्ये आयोवानं कायदा करून प्राथमिक शाळांतलं शिक्षण इंग्रजीतूनच सक्तीचं केलं. शेजारच्या नेब्रास्कातही तसाच कायदा झाला. दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून वाचायला शिकवलं म्हणून तिथल्या रॉबर्ट मेयर या शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला. मेयर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जून १९२३मध्ये न्यायालयानं नेब्रास्काबरोबर आयोवाचाही कायदा रद्द ठरवला. मुलाला मातृभाषा शिकवण्याचा हक्क मान्य झाला. मधल्या पाच वर्षांत शाळेत गेलेली पोरं मात्र परत पहिलीत बसणार नव्हती. बापानं चारचौघांत आवाज खाली आणून बोलायचं, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं, तर त्याला खुशीचा निर्णय म्हणणं अवघड आहे.

सगळा दोष एका गव्हर्नरवर टाकणंही बरोबर होणार नाही. १९२४च्या कायद्यानं चेकोस्लोव्हाकियातून वर्षाला ३,०७३ माणसांनाच येता येईल अशी मर्यादा घातली. नव्यानं येणाऱ्यांच्या तोंडची ताजी बोली आटली. रेडिओ आला, डांबरी रस्ता आला, शेजारच्या आयरिश आणि नॉर्वेजियन घरांशी सोयरीक होऊ लागली. शहरातल्या नोकरीला चेकचा उपयोग नव्हता. हे सगळं फर्मानावाचूनही घडलं असतं, पण सावकाश, आणि कदाचित दोन्ही भाषा बाळगून.

या काळात गावात काय टिकलं, हे म्हणून बघण्याजोगं आहे. फ्रँक आणि जोसेफ बिली हे दोन भाऊ जवळच शेती करायचे. मूळ आडनाव बीली. चेकमध्ये त्याचा अर्थ पांढरा. दोघंही अविवाहित, गावाच्या पंचक्रोशीबाहेर फारसे कधी गेले नाहीत. १९१३पासून १९५८पर्यंत, हिवाळ्यात शेताची कामं थांबली की ते लाकडावर कोरीवकाम करत आणि घड्याळं घडवत. ताशी बारा प्रेषित बाहेर येतात असं घड्याळ, लिंडबर्गच्या विमानउड्डाणाच्या स्मरणाचं घड्याळ, आणि अमेरिकेच्या आद्य वसाहतकऱ्यांचा इतिहास कोरलेलं भलंमोठं घड्याळ. या शेवटच्यासाठी हेन्री फोर्डनं दहा लाख डॉलर देऊ केले होते आणि भावांनी नकार दिला, असं सांगितलं जातं. १९४६मध्ये ही घड्याळं गावच्या त्याच घरात आली जिथं द्वोर्झाक उतरले होते. खाली घड्याळं, वर द्वोर्झाकांची स्मृती. व्हायोलिनच्या आकाराचं एक घड्याळ भावांनी खास द्वोर्झाकांसाठी केलेलं आहे.

क्वार्टेट, घड्याळं, लोखंडी क्रूस, चर्चचं शिखर. गावानं जे जपलं ते भाषेवाचून समजतं. न्यूयॉर्कहून आलेल्या पाहुण्यालाही ते दाखवता येतं, तिकीट लावता येतं, त्याला कुणी फर्मान काढून अडवत नाही. म्हाताऱ्यांच्या ज्या गोष्टी ऐकायला द्वोर्झाक रोज संध्याकाळी बसत, त्यांची मात्र काच लावून ठेवता येईल अशी वस्तू होत नाही. त्या बोलणाऱ्याबरोबर गेल्या. ज्यांना आधी इथून उठवलं त्या हो-चंक लोकांची तर या घरात खोलीच नाही. त्यांची आठवण काही मैलांवर, फोर्ट ॲटकिन्सनच्या दगडी भिंतींपाशी शोधावी लागते.

मास्तरांचा मुलगा योझेफ यान न्यूयॉर्कलाच राहिला आणि पुढं कित्येक वर्षं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये व्हायोला वाजवत राहिला. द्वोर्झाकांचे चरित्रकार ओताकार शोउरेक प्रागमध्ये सामग्री जमवत होते, तेव्हा त्यानं त्यांना त्या उन्हाळ्याच्या आठवणी लिहून पाठवल्या: पहाटेचं फिरणं, पक्षी, चर्चचा ऑर्गन, घरातलं ते पहिलं वादन. आयोवात जन्मलेल्या माणसानं हे सारं लिहिलं ते चेकमध्ये. त्याच्या गावातल्या आजच्या मुलांना ते वाचायला इंग्रजी भाषांतर लागतं.