उंबऱ्यावरचा तपास



आयदक्की मारय्या शरण सांडलेला तांदूळ वेचून आणीत. तेच त्यांचे कायक, त्यातूनच दासोह. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ आणला. पत्नी लक्कम्मांनी विचारले, हा अधिकचा कशासाठी? आणि तो परत करावयास लावला. तपास घराच्या उंबऱ्यावरच झाला, निकालही तेथेच लागला.

आता मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या इंदूरकडे पाहा. जुलै २०१३ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळी, दुसऱ्याच्या नावाने पेपर लिहिण्यास आलेल्यांना तेथील पोलिसांनी पकडले. हाच व्यापम घोटाळा. हुशार मुलगा पुढे, पैसे मोजलेला मागे. या बैठकीला 'इंजिन-बोगी' म्हणत. कोणी उत्तरपत्रिका कोरी ठेवी, गुण मागाहून वाढत.

असा गुन्हा सहजी उघड होत नाही. कुलूप तुटत नाही, रक्त सांडत नाही. देणारा गप्प, घेणाराही गप्प. मग संगणकातील नोंदी, उत्तरपत्रिका, छायाचित्रे, हस्ताक्षरे यांनाच साक्षीला उभे करावे लागते. न्यायालयात प्रत्येकाचा दोष वेगळा सिद्ध व्हावा लागतो. म्हणून काळ लागतो. तपास प्रथम राज्याच्या विशेष दलाकडे गेला. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे सोपविला. २००८ ते २०१२ या काळातील ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले; फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठेवले. पोलीस शिपाई भरतीच्या एका प्रकरणात ३१ जण दोषी ठरले, ते नोव्हेंबर २०१९ मध्ये.

बंधुभगिनींनो, या प्रकरणांतील आरोपींत आईबापही होते. लेकराच्या कल्याणासाठीच त्यांनी थैली सोडली असेल. पण ज्या गरिबाच्या मुलाची जागा गेली, तोही कोणाचे लेकरूच ना? आणि विद्या न शिकता वैद्य झालेल्याच्या हाती उद्या कोणाची नाडी जाणार?

कायक म्हणजे केवळ काम नव्हे. शुद्ध मार्गाने मिळविलेला आपला वाटा. बाकीचा सारा अधिकचा तांदूळ. 'जागा मिळवून देतो' म्हणत कोणी दलाल तुमच्या दारी आला, तर घरात एकाने तरी लक्कम्मा व्हावे. न्यायालयाचा निकाल सहा वर्षांनी लागतो. लक्कम्मांचा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारता येतो.

शरणु शरणार्थी.