घनतेचा आकडा पुरेसा नाही

युरेनियम डायऑक्साइडची भुकटी साच्यात दाबून केलेली अणुइंधनाची कच्ची गोळी सैद्धांतिक घनतेच्या जेमतेम ५५ टक्के भरते. हायड्रोजनच्या वातावरणात सुमारे १,७०० अंश सेल्सिअसला ती भाजली, की घनता ९५ टक्क्यांवर जाते आणि व्यास साधारण सहाव्या हिश्श्याने घटतो. हा पदार्थ वितळायला २,८०० अंशांहून अधिक तापमान लागतं. त्यामुळे भट्टीत काहीही वितळत नाही. अणू सरकतात, कण एकमेकांना जुळतात आणि मधली पोकळी आक्रसते. ९५ टक्के आले, म्हणजे भुकटी चांगली, असं मानणं सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं.

कारण तोच आकडा दोन वेगळ्या गोळ्यांचा असू शकतो. एकीत उरलेली पोकळी थोड्या मोठ्या छिद्रांत असते, दुसरीत मायक्रॉनहून बारीक अशा असंख्य छिद्रांत. वजन-मापात दोघी सारख्याच. फरक कळतो तो अणुभट्टीत. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील गिने अणुभट्टीत काही इंधननळ्या चपट्या झालेल्या सापडल्या. उष्णता आणि विखंडनाचा मारा यांनी बारीक छिद्रं मिटत गेली, गोळ्या आणखी आकसल्या, नळीतल्या त्यांच्या रांगेत फटी पडल्या आणि आधार गेलेली नळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाखाली दबली. भट्टीत अर्धवट राहिलेलं काम अणुभट्टीत पुरं झालं होतं.

म्हणून भुकटी जोखायची तर तिची वाटचाल पाहायला हवी. डायलॅटोमीटरमध्ये तापमान चढत असताना गोळीची लांबी सतत मोजतात. आकसणं कधी सुरू झालं, कुठे वेगावलं, कुठे मंदावलं, हे त्या आलेखात दिसतं. भुकटीत ऑक्सिजन थोडा जास्त असेल, तर आकसणं कमी तापमानालाच सुरू होतं. तयार गोळी पुन्हा १,७०० अंशांवर २४ तास ठेवून घनता किती वाढली तेही तपासतात. तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये घडणाऱ्या गोळ्या असोत की आणखी कुठल्या, छिद्रं पुढे मिटतील का, हा प्रश्न सगळ्यांना लागू आहे.

छिद्रं पूर्ण घालवणं हाही उपाय नव्हे. विखंडनातून तयार होणाऱ्या वायूंमुळे आणि फुगण्यामुळे गोळीला आत जागा लागतेच. हवी ती न मिटणारी, योग्य आकाराची पोकळी. ज्या चाचणीत गोळीच्या पुढच्या आयुष्याचा विचार नाही, ती फक्त कारखान्याची सोय पाहते. उत्पादनाची कितीही घाई असली, तरी पुन्हा भाजण्याचे ते २४ तास वाचवू नयेत.