मनातील दोन मापे



पवित्र कुरआनातील ८३ वी सूरह ‘अल्-मुतफ्फिफीन’ हिचा प्रारंभ एका कडक इशाऱ्याने होतो. लोकांकडून घेताना माप काठोकाठ भरून घ्यायचे आणि त्यांना देताना मात्र हात आखडायचा, अशी ज्यांची रीत आहे, त्यांच्या विनाशाची वार्ता तेथे दिली आहे. या आयती ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर दुकानातील तराजू उभा राहतो. ज्याचे दुकान नाही, त्याला वाटते, हा उपदेश आपल्यासाठी नव्हे. परंतु एक तराजू प्रत्येकाच्या मनात टांगलेला असतो. त्यात आपण माणसांचे अपराध तोलतो. श्रीमंताचा अपराध आणि गरिबाचा अपराध तोलताना आपण वजने तीच वापरतो काय?

घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईने न विचारता मूठभर तांदूळ नेले, तर आपण त्याला चोरी म्हणतो. तिचा पगार पाच तारखेऐवजी वीस तारखेला देतो, तेव्हा मात्र ‘या महिन्यात जरा ओढाताण होती’ एवढेच म्हणतो. रोजंदारीवरील मजुराने शब्द मोडला की तो बेइमान ठरतो, आणि बड्या असामीने शब्द फिरवला की तो व्यवहारचतुर ठरतो. पैशाने अनेक वस्तू मिळतात. त्यांत स्वतःच्या अपराधासाठी एखादे सभ्य नावही मिळते. मनाला लागलेली ही सवय मोठी घातक आहे, कारण अपराधाचे नावच बदलले की तौबा करण्याची गरजही वाटेनाशी होते.

मक्का-विजयाच्या सुमारास, हिजरी सन ८ मध्ये, कुरैशच्या बनू मख्जूम या मातब्बर घराण्यातील एका स्त्रीने चोरी केली. घराण्याच्या अब्रूची लोकांना चिंता पडली. शिफारस कोणी करावी? प्रेषित मुहम्मद (स.) यांना अतिशय प्रिय असलेल्या हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना पुढे करण्यात आले. शिफारस ऐकताच प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याचा रंग पालटला. त्यांनी लोकांना उभे राहून बजावले की, पूर्वीचे समाज याच कारणाने नष्ट झाले. प्रतिष्ठिताने चोरी केली तर ते त्याला सोडून देत आणि दुर्बलाने केली तर शिक्षा करीत. आपली कन्या फातिमा (रजि.) हिने चोरी केली असती, तरी न्याय हाच झाला असता, असेही त्यांनी शपथेवर सांगितले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. सर्वांना नियम एकच, म्हणजे कोणाची परिस्थिती पाहायचीच नाही काय? याचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांच्या एका निवाड्यात आहे. इमाम मालिक यांनी ‘मुवत्ता’मध्ये तो नोंदवला आहे. हातिब यांच्या गुलामांनी मुजैना टोळीतील एका माणसाची उंटीण चोरली आणि कापली. हजरत उमर (रजि.) यांनी प्रथम ठरलेल्या शिक्षेचा हुकूम दिला. नंतर ते मालकाला म्हणाले की, तू यांना उपाशी ठेवतोस असे मला दिसते. त्यांनी उंटिणीची किंमत विचारली. ती ४०० दिरहम होती. त्यांनी मालकाला ८०० दिरहम भरण्यास सांगितले.

या निवाड्याचा नीट विचार करा. ज्याची उंटीण गेली, त्याच्या हक्काला धक्का लागला नाही. उलट त्याला दुप्पट मिळाले. चोरी क्षम्य आहे, असेही कोठे म्हटले नाही. फक्त चोरीचा माग काढीत न्यायाधीश गुलामांच्या हातांपाशी थांबला नाही. तो त्यांच्या रिकाम्या पोटापर्यंत आणि तेथून मालकाच्या दारापर्यंत गेला.

कर्जाच्या बाबतीतही हेच तत्त्व दिसते. ऐपत असून देणे लांबवणाऱ्याच्या कृत्याला प्रेषितांनी (स.) जुलूम म्हटले आहे. अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला मात्र हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यावी, अशी शिकवण सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत आहे. विलंब दोघांचाही आहे. पण एकापाशी पर्याय होता, दुसऱ्यापाशी नव्हता. आपण नेमके याच्या उलट वागतो. धनिकाकडे पैसे मागायला संकोचतो आणि गरिबाच्या दारात चारचौघांत आवाज चढवतो.

याचा अर्थ गरिबी हा अपराधाचा परवाना आहे, असा कोणी घेऊ नये. ‘मोठे लोक लाखो खातात, मी थोडे घेतले तर काय बिघडले?’ हाही नफ्सचा एक फसवा युक्तिवाद आहे. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत साक्ष देण्याचा जो आदेश आहे, तो स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध आणि आप्तांविरुद्धही लागू आहे. तेथे श्रीमंत आणि गरीब या दोघांचाही उल्लेख आहे. श्रीमंताची भीड नको आणि गरिबाच्या कळवळ्यापोटी खोटी साक्षही नको. त्या दोघांचा खरा हितचिंतक अल्लाह आहे.

तेव्हा दोन गोष्टी मनाशी बांधू या. दुसऱ्याच्या अपराधाला नाव देण्यापूर्वी स्वतःला विचारावे: हेच कृत्य माझ्या भावाने किंवा जमातीच्या प्रमुखाने केले असते, तर मी कोणते नाव दिले असते? आणि आपल्या हाताखालील माणूस चुकला, तर त्याच्या चुकीत आपला वाटा किती, हेही तपासावे. त्याचा पगार वेळेवर दिला होता काय? तो पोटाला पुरतो काय? मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जलशांत आवडीने ऐकतो. ती महिनाअखेरीस आपल्या उंबऱ्यावर खरी ठरली पाहिजे.

कियामतच्या दिवशी मीजान उभारला जाईल, तेव्हा तेथे वजने आपली नसतील. त्याआधी मनातील दुसरे माप फेकून देण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.