दोर तिथेच होता

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या बडोद्याच्या मंडळातील एका ताईंचा मुलगा इंग्लंडात शिकतो. मागच्या गुरुवारी नामस्मरणानंतर त्याचा फोन आला, तो ताईंनी सगळ्यांना ऐकवला. यॉर्कशायरमधल्या गेपिंग गिल या गुहेत तो दोरावरून उतरून आला होता. ही गुहा म्हणजे डोंगरउतारावरची विहीरच म्हणा ना! ओढ्याचं पाणी सुमारे १०० मीटर खाली एका प्रचंड दालनात कोसळतं. १८९५ साली मार्टेल हे फ्रेंच संशोधक दोराच्या शिडीने प्रथम तळाशी पोहोचले. हा मुलगा बाजूच्या बार पॉट नावाच्या वाटेने गेला. तिथेही दोराशिवाय उतरता येत नाही.

आधी दोन महिने तो झाडाला बांधलेल्या दोरावर सराव करत होता, जमिनीपासून चार हात वर. ताई म्हणाल्या, "आम्ही हसायचो त्याला."

ताणलेला दोर कातळाच्या धारेवर घासला की झिजतो, म्हणून तो वाटेत पुन्हा खडकाला बांधलेला असतो. त्या गाठीपाशी लटकत असतानाच दोर बदलावा लागतो. आधी कमरेची आखूड दोरी कडीत अडकवायची, वजन तिच्यावर घ्यायचं. उतरायचं यंत्र वरच्या दोरातून काढून खालच्या दोरात घालायचं, ओढून बघायचं. खात्री झाली की मगच कडी सोडायची.

मुलगा म्हणाला, "आई, तिथे डोकं बंदच पडलं. पण हातांनी आपोआप सगळं केलं."

या वाक्याने आम्ही गप्प झालो. गेल्या पावसाळ्यात घरच्या माणसाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. बाहेर बाकावर बसून माळ हातात घेतली, आणि नाम ओठांवर येईना. अनुग्रह घेऊन वीस वर्षं झालेली! तेव्हा आम्ही मनातल्या मनात महाराजांनाच बोल लावला, की ऐन वेळी तुम्ही दोर सोडलात.

दोर तिथेच होता, बंधूंनो. आम्हीच त्यावर कधी वजन टाकून बघितलं नव्हतं. सुखाचे दिवस म्हणजे झाडाखालचे दिवस. ते आम्ही हसण्यात घालवले.

आणखी एक गोष्ट. वर येताना दोराला जो चाप लावतात, तो वर सरकतो, खाली सरकत नाही. वीतभर चढलो तरी ती वीत आपली. थकलं तर तिथेच लटकून दम घ्यायचा, मग पुढची वीत. महाराज रोजच्या एका माळेवर इतका भर का देतात, ते आता उमगलं.

म्हणून या गुरुवारपासून एक संकल्प करू या. घरात सगळं ठीक असताना, काही मागायचं नसताना, रोज एक माळ. अंधार कधी येईल ते आपल्या हाती नाही, हात तयार ठेवणं आहे.

महाराजांच्या चरणी हीच प्रार्थना.

जय गुरुदेव 🙏