जड नळी, हलकी नळी

रविवारची सकाळ होती. आत मटण शिजत होतं आणि बाहेर मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलो होतो. मटणाचा वास नाकात शिरला की मला अग्रलेखसुद्धा चविष्ट लागतो. इतक्यात पुतणी समोर येऊन उभी राहिली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली,

"काका, जड नळी घेऊ की हलकी?"

"जडच घे," मी म्हणालो. "आत मगज भरपूर असतो. आणि मला रस्सा जरा जास्त वाढ."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेला पोलिसांचा परवाना लागायला हवा. ती रायफलच्या नळीबद्दल बोलत होती.

आमची ही पुतणी नेमबाजी शिकते. कोल्हापुरात आता याचं कुणाला नवल वाटत नाही. २०१० साली तेजस्विनी सावंतनं म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. पूर्वी पोरगं व्रात्य निघालं की तालमीत घालत. आता रेंजवर घालतात. माझा स्वतःचा बंदुकीशी संबंध जत्रेतल्या फुग्यांपुरता. त्यातही एकदा फुगेवाल्यानंच, "साहेब, पैसे परत घ्या, पण थांबा," अशी विनंती केली होती.

तरी पुतणीनं मला सगळं समजावून सांगितलं. पन्नास मीटरवरच्या निशाण्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं. आपल्या शर्टाच्या गुंडीएवढं म्हणा ना! हात कापला, श्वास हलला की गोळी वर्तुळाबाहेर. म्हणून नेमबाजाला वजन हवं असतं. जड वस्तू लवकर हलत नाही, हे तर मला आमच्या हापिसावरूनच ठाऊक होतं. त्यांच्या स्पर्धेत आठ किलोपर्यंत रायफल चालते. शिवाय गोळी सुटताना नळी थरथरते. बारीक नळी उदबत्तीसारखी, जाड नळी मुसळासारखी. जाडी पाचव्या हिश्शानं वाढवली तरी नळीचा कडकपणा दुप्पट होतो म्हणे. मोठ्या काडतुसांच्या रायफलीत आणखी एक भानगड असते. बारीक नळी तीन-चार गोळ्यांतच तापते आणि नेम सरकायला लागतो. जाड नळी सावकाश तापते.

"मग हलकी नळी करतात तरी कशाला?" मी विचारलं.

"शिकाऱ्यांसाठी. त्यांना दिवसभर डोंगर चढायचा असतो. आणि जनावर काही चौथ्या गोळीपर्यंत उभं राहत नाही."

हे ऐकलं आणि मला आमचे चंदगडकडचे मामा आठवले. त्या काळी परवाना काढून शिकार करता येई. मामांकडे दोन रायफली होत्या, एक जड आणि एक हलकी. १९६६ साली, चढ फार आहे म्हणून, मामांनी जड रायफल घरी ठेवली. दिवस मावळताना एक सांबर दिसलं. धापा टाकत मामांनी ती हलकी रायफल खांद्याला लावली. हलकी नळी श्वासाबरोबर वरखाली झाली आणि गोळी लागायची तिथं न लागता पोटात लागली. सांबर पळालं. मामा दोन दिवस रक्ताचा माग काढत हिंडले. सापडलं तेव्हा ते अजून जिवंत होतं.

मामांनी घरी येऊन दोन्ही रायफली पुसल्या, तेल लावलं आणि ट्रंकेत ठेवल्या. शिकारबंदीचा कायदा १९७२ साली आला. आमच्या मामांचा कायदा त्याआधी सहा वर्षं लागू झाला होता. आम्ही पोरं फार मागे लागलो की एवढंच म्हणायचे, "वजनाचा कंटाळा केला मी, आणि भोगलं त्यानं."

बघा, इथं नेमबाजी आणि शिकार यांच्यातला खरा फरक येतो. रेंजवर नेम चुकला तर आपलाच गुण जातो. जंगलात चुकला तर त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. तेव्हा जड की हलकी, हा प्रश्न नुसता खांद्याचा नाही. आपली सोय झाली की तिचे पैसे कोण भरतो, असा तो प्रश्न आहे.

आणि इथं मला माझीच नळी आठवली. म्हणजे जीभ. ही फार हलकी. चटकन उचलली जाते, चटकन सुटते. त्याबद्दल चार लोक कौतुकही करतात. आमच्या हापिसात एक सहकारी खात्याच्या परीक्षेला चौथ्यांदा नापास झाले. चहाच्या टेबलावर मी म्हणालो, "यांचं आणि परीक्षेचं सात जन्मांचं नातं आहे हो, हा फक्त चौथा." सगळं टेबल हसलं. तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचा चहा त्यांच्या जागेवर जाऊ लागला. तो अकरा वर्षं, निवृत्तीपर्यंत, तिथंच जात राहिला. मामांनी दोन दिवस तरी माग काढला. मी टेबलावरून उठलोसुद्धा नाही.

मग काय, माणसानं जडच व्हावं? तेही पटत नाही. आमचे एक वरिष्ठ प्रत्येक गोष्टीला "विचार करून सांगतो" म्हणत. विचार पूर्ण व्हायच्या आत ते निवृत्त झाले. कुणाचा बाप गेला तरी योग्य शब्द जुळवण्यात त्यांचा तेरावा उलटायचा. अशा जड नळीनं कुणी जखमी होत नाही हे खरं, पण वेळेवर कुणाच्या उपयोगीही पडत नाही.

जिम कॉर्बेटची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. १९३० साली कुमाऊँमध्ये चौगडची नरभक्षक वाघीण त्याच्यापासून जेमतेम आठ फुटांवर, पाठीमागच्या बाजूला बसलेली निघाली. त्याच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती आणि उजव्या हातात हलकी रायफल. दोन्ही हात मोकळे असते तर तो गर्रकन वळला असता आणि वाघिणीनं झेप घेतली असती. अंड्यांमुळे तो वळला नाही. एका हातानं, इंच इंच करत त्यानं रायफल फिरवली. ती जड असती तर एका हातानं फिरली नसती. हे सगळं त्यानंच लिहून ठेवलंय. मागाहून त्यानं ती अंडी होती तिथं परत नेऊन ठेवली.

मला वाटतं, उत्तर त्या अंड्यांत आहे. नळी हलकी असायला हरकत नाही, पण दुसऱ्या हातात काहीतरी फुटण्यासारखं आहे याचं भान हवं. मी बोलत आलो ते दोन्ही हात मोकळे असल्यासारखा.

"मग काका, कुठली घेऊ?" पुतणीनं पुन्हा विचारलं.

"जेवढी पेलेल तेवढी जड घे," मी म्हणालो. ती खूश झाली. तिच्या प्रशिक्षकांनीही हेच सांगितलं होतं. मग मला कशाला विचारलं, हा प्रश्न जिभेवर आला होता. तो मी गिळला. म्हटलं, सुरुवात तर करू!

जेवण झाल्यावर मी त्या सहकाऱ्यांचा नंबर शोधून काढला. हल्लीचा फोन तो केवढा, दोनशे ग्रॅमचा. पण उचलताना आठ किलोचा वाटला. पलीकडून आवाज आला. मी नाव सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग ते म्हणाले, "बोला. कितवा जन्म चाललाय?"