जुना खेळ कोणी सांभाळायचा?

संगणकावरच्या जुन्या खेळांवर कोणी लेख लिहावा, हे काही वाचकांना पोरकट वाटेल. खेळ पोरांचे असतील, पण त्यातून उभा राहणारा प्रश्न मोठ्यांचा आहे. एकाने वस्तू बनवली. दुसऱ्याने ती पैसे मोजून घेतली. ज्या जमिनीवर ती उभी होती ती जमीन तिसऱ्यानेच बदलली आणि वस्तू कोसळली. आता ती उभी करण्याची जबाबदारी कोणाची? खेळांच्या बाबतीत ही जमीन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आणि ती दर काही वर्षांनी बदलते.

मायक्रोसॉफ्टने एके काळी या प्रश्नाचे मोठे उदार उत्तर दिले होते. ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ जुन्या विंडोजवर नीट चालत असे, पण त्यात एक चूक दडली होती. वापरून परत केलेली मेमरी तो पुन्हा वापरत असे. खोली रिकामी करून किल्ली दिल्यावरही आत येऊन बसणाऱ्या पाहुण्यासारखा. जुन्या विंडोजमध्ये ती खोली लगेच दुसऱ्याला दिली जात नसे, म्हणून हे खपून गेले. विंडोज ९५ च्या चाचण्यांत मात्र खेळ बंद पडू लागला. चूक सरळसरळ खेळाची होती. तरीही मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी त्या खेळाची चिरफाड करून ती शोधली आणि आपल्याच विंडोजमध्ये खास सोय केली. सिमसिटी चालू असेल तर मेमरीचा कारभार वेगळ्या पद्धतीने करायचा! यात परोपकार किती होता हे सांगायला नको. नवी विंडोज घातल्यावर खेळ बंद पडला, तर ग्राहक शिव्या विंडोजलाच घालणार, हे कंपनी ओळखून होती. पण स्वार्थातून का होईना, काम ग्राहकाच्या हिताचे झाले.

हे औदार्य कायम टिकणारे नव्हते. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे जुने कार्यक्रम चालतच नाहीत. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे सगळे सॉफ्टवेअर बाद केले आणि असंख्य खेळ एका दिवसात मुके झाले. आणखी एक प्रकरण तर फारच बोलके आहे. २००० च्या आसपास अनेक खेळांच्या सीडींवर नक्कल रोखण्यासाठी ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे. ते उघडण्यासाठी लागणारा भाग विंडोजच्या अगदी गाभ्यात बसे आणि त्यातून चोरवाट निघत होती. २०१५ मध्ये विंडोज १० ने तो भाग हद्दपार केला. मला तो निर्णय योग्य वाटतो. एका जुन्या पाहुण्याच्या सोयीसाठी घराचे मागचे दार सताड उघडे ठेवा, असे कोण म्हणेल? पण ज्याने पैसे देऊन सीडी घेतली, जपून ठेवली, त्याचे काय? सीडीवर ओरखडाही नाही आणि खेळ मात्र चालत नाही. कुलूप विकणाऱ्याने लावले होते. ते काढून देण्याचे कामही त्याच्याकडेच यायला हवे होते.

मग कंपनीने आपला प्रत्येक खेळ जन्मभर दुरुस्त करत बसावे काय? तसे मी म्हणणार नाही. विंडोज एक्सपीवरचा ‘पिनबॉल’ आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. व्हिस्टामध्ये तो दिसेनासा झाला. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये त्याचे कारण लिहिले: ६४ बिटवर नेताना चेंडू सगळ्या अडथळ्यांतून आरपार जाऊ लागला. मूळ कोड दुसऱ्या कंपनीने लिहिलेला, त्यात खुलासे जवळजवळ नाहीत. चूक कोठे आहे ते सापडेना. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही गत, तर चार माणसांच्या लहानशा कंपनीवर कायमचे ओझे टाकणे अन्यायाचे होईल.

कपाट करणारा सुतारही तीस वर्षांनी त्याचा पाय बसवून द्यायला बांधील नसतो. पण दुसऱ्या सुताराने त्या कपाटाला हात लावू नये, असेही तो म्हणत नाही. खेळाची कंपनी नेमके हेच म्हणते. कोड तिच्या तिजोरीत, सीडीवर कुलूप आणि पाठीशी कायदा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो आणि संगणकाचा प्रोग्रॅमही कायद्याने साहित्यकृतीत मोडतो. इकडे विंडोज १० ला मिळाली २०१५ ते २०२५ अशी दहा वर्षे. हक्काचे आयुष्य असे लांबलचक आणि जमिनीचे असे तोकडे! वस्तू विकली, पण किल्ली विकणाऱ्याकडेच राहिली, तर ती किल्ली त्याच्याकडे अमानत आहे असे मी मानतो. स्वतः दुरुस्ती करायची नसेल, तर जो करू पाहतो त्याच्या हाती ती द्यावी.

आणि हे अशक्य नाही. ‘डूम’ खेळाचा कोड त्याच्या कंपनीने १९९७ मध्येच खुला केला. त्यातला आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, म्हणून तेवढा वगळून दिला. ‘आमच्या कोडमध्ये परक्यांचे तुकडे आहेत, देणार कसे?’ या नेहमीच्या सबबीला हे चांगले उत्तर आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी १९८९ च्या आपल्या खेळाचा कोड जुन्या फ्लॉप्यांवरून सोडवून २०१२ मध्ये सर्वांपुढे ठेवला. बाकी जे काही वाचले, ते बहुतांशी हौशी लोकांनी वाचवले. ‘डॉसबॉक्स’ हा जुन्या डॉसचा भास निर्माण करणारा प्रोग्रॅम अशांनीच फुकट बनवला आणि त्याच्या जोरावर आज जुने खेळ विकलेही जातात. तरी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नव्हते.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला हे दुखणे खेळांवाचूनही कळते. युनिकोडच्या आधीच्या उर्दू सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर उघडाव्यात, तर नस्तालीकच्या जागी भलतीच चिन्हे! मराठीच्या जुन्या फॉन्टची कथा वेगळी नाही. मजकूर आपला, मेहनत आपली; वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याकडे.

सीडीच्या जमान्यात निदान वस्तू तरी हातात होती. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचे तरी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला खेळ साफ निकामी झाला. येथे ऑपरेटिंग सिस्टीमवर बोट ठेवण्याचीही सोय नाही. जमीनही कंपनीची, कुलूपही कंपनीचे. त्यावरून युरोपात नागरिकांनी मागणी केली, की खेळ बंद करताना तो चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा. कायमची सेवा त्यांनी मागितलेली नाही. २०२५ च्या जुलैत त्या मागणीवरच्या सह्यांचा आकडा १० लाखांच्या पुढे गेला.